सुनंदा आणि मीनाक्षी एकच: हॉक्सहेडला पोचायच्या आधीची गोष्ट

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधलं हॉक्सहेड बघून आले म्हटलं की लोक तळ्यांबद्दल विचारतात. मला मात्र आधी आमच्या बडोद्याच्या बँकेतला काउंटर आठवतो. पाच आठवडे झिजवलाय तो.

1984 साली लग्न होऊन दांडिया बाजारातल्या घरात आले. ताटातल्या तांदळावर अंगठीने नाव लिहिलं गेलं आणि सुनंदाची मीनाक्षी झाले. आधार, पॅन, पासपोर्ट, सगळं मीनाक्षीचं. एक ठेव तेवढी माहेरच्या नावावर राहिली. लग्नाआधी दोन वर्षं शाळेत शिकवत होते, त्या पगारातून सुरू केलेली, पुढे जमेल तशी भर घातलेली. केवायसीला आधार दिलं होतं, पण पावतीवरचं नाव कुणी बदललं नाही.

मुलगा मँचेस्टरला असतो. व्हिसासाठी प्रवासाचा खर्च झेपेल इतके पैसे दाखवावे लागतात. तो म्हणाला, "आई, माझं खातं दाखवू." मी नाही म्हटलं. तीस वर्षं वर्गात इंग्रजी शिकवताना त्या प्रदेशाबद्दल बोलले होते, तिथे मला माझ्या पैशांनी जायचं होतं.

व्हिसाच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये 'आणखी कोणत्या नावाने ओळखले जाता का' असा रकानाच आहे. तिथे सुनंदा लिहिलं, संपलं. पण पैसे सुनंदाचे आणि प्रवास मीनाक्षीचा, तेव्हा दोघी एकच असल्याचं बँकेचं पत्र सोबत असावं असं मला वाटत होतं. काउंटरवर उत्तर मिळालं, "बेन, आवो लेटर अमे नथी आपता." म्हणजे असं पत्र आम्ही देत नाही. ठेव मोडा आणि नव्या नावाने करा, म्हणे. ते मी केलं नाही, तुम्हीही करू नका. अर्जाच्या तोंडावर खात्यात मोठी रक्कम एकदम आली की ती कुठून आली याचा खुलासा द्यावा लागतो.

दुसऱ्या फेरीला लग्नाचा दाखला मागितला. आमचं लग्न नोंदवलेलंच नव्हतं. लग्नपत्रिका नेली, तर तिच्यावर फक्त चि. सौ. कां. सुनंदा. तिसऱ्या फेरीला म्हणाले, प्रतिज्ञापत्र आणा. नोटरीकडे बसून केलं, पण गुजरातीत. घरी आल्यावर कळलं की इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाचं प्रमाणित भाषांतर जोडावं लागतं. म्हणून ते पुन्हा इंग्रजीत केलं. पहिल्यांदाच इंग्रजीत करा, एक फेरी वाचते. चौथ्या वेळी साहेब रजेवर. त्या दिवशी बाहेर येऊन सूरसागर तळ्याच्या कठड्याशी अर्धा तास नुसती उभी राहिले. चाळीस वर्षं ज्यांच्याकडे पैसे ठेवले, त्यांना मी कोण हे पटवून द्यावं लागतंय, याचा राग अजून गेलेला नाही.

पाचव्या वेळी एक तरुण अधिकारी मुलगी होती. तिने पासपोर्ट शेवटच्या पानापर्यंत उलटला. तिथे वडील, आई आणि नवरा, तिघांचीही नावं छापलेली होती. तिने पावतीवरचं 'सुनंदा गोविंद' आणि पासपोर्टवरचं वडिलांचं 'गोविंद' शेजारी शेजारी धरलं, प्रतिज्ञापत्र वाचलं आणि दहा मिनिटांत बँकेच्या लेटरहेडवर चार ओळी टाइप करून दिल्या: दोन्ही नावं, पासपोर्ट क्रमांक, ठेवीचा क्रमांक, 'एकाच व्यक्तीची नावे'. खाली सही आणि शिक्का. तिचे हात धरले मी.

पुढचं सगळं सरळ झालं.

मँचेस्टरहून निघालो, ऑक्सनहोमला गाडी बदलली, विंडरमियरला उतरून 505 नंबरची बस घेतली. गाव पांढऱ्या भिंतींचं, बोळ इतके अरुंद की वरचे मजले डोक्यावर आलेले. गाड्या गावाबाहेरच ठेवाव्या लागतात, त्यामुळे पावलांचा आवाज ऐकू येतो. आर्चबिशप एडविन सँडीज यांनी 1585 मध्ये काढलेली शाळा चर्चच्या टेकडीखाली आहे. 1779 ते 1787 कवी वर्ड्‌सवर्थ तिथे शिकला. बाकांच्या लाकडात पोरांनी चाकूने कोरलेली नावं आहेत, एकावर एक, आडवीतिडवी. त्यात त्याचंही आहे. मी बराच वेळ तिथून हलले नाही. माझं नाव तांदळावर लिहिलं होतं, ताट हललं की पुसलं जाणारं.

मुलांच्या गोष्टी लिहिणाऱ्या बिअट्रिक्स पॉटरची कथाही तिथेच कळली. शेजारच्या निअर सॉरीमधलं हिल टॉप हे शेत तिने 1905 मध्ये मुख्यतः पुस्तकांच्या मिळकतीतून घेतलं. लग्न त्यानंतर, 1913 मध्ये, हॉक्सहेडच्याच वकिलाशी. गावात ती मिसेस हीलिस, पुस्तकांवर पॉटरच राहिली. 1943 मध्ये गेली तेव्हा तिची शेतं नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला मिळाली. तिला प्रिय असलेल्या हर्डविक मेंढ्या बसमधूनही दिसतात. कोकरू काळं जन्मतं आणि वयाबरोबर करडं होत जातं.

हो, एक सांगायचं राहिलं. शाळा आणि हिल टॉप हिवाळ्यात बंद असतात, बसचं वेळापत्रकही ऋतूप्रमाणे बदलतं. आणि व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासूनच करता येतो, त्याआधी नाही. म्हणून बँकेचं पत्र त्याच्याही आधी मागायला लागा. लेटरहेडवर, इंग्रजीत, दोन्ही नावांसकट.