सामाईक मीटरचं बिल कमी करताना: आधी गळती, मग सोलर

आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या सामाईक मीटरवर महिन्याला सुमारे 2,300 युनिट पडत होते. सोलरवाल्याने बिल बघून लगेच 20 किलोवॅटचा प्रस्ताव दिला. तो तसाच मान्य केला असता तर वाया जाणाऱ्या विजेसाठीही पॅनल विकत घेतले असते. म्हणून आधी तीन आठवडे फक्त मोजमाप केलं: रोज सकाळी ठरलेल्या वेळी मीटरचा आकडा, पंप किती तास चालला, किती दिवे रात्रभर जळले.

सगळ्यात मोठा खर्च दिव्यांचा निघाला. जिने आणि पार्किंग मिळून 60 जुन्या ट्यूब. तांब्याच्या चोकसकट एक ट्यूब 50 ते 55 वॅट घेते. 12 तासांचे दिवसाला साधारण 37 युनिट झाले. 20 वॅटची एलईडी ट्यूब लावली की तेच काम 14-15 युनिटमध्ये होतं. इथे एक चूक हमखास होते. इलेक्ट्रिशियन जुन्या फिटिंगमध्येच एलईडी ट्यूब बसवतो आणि चोक सर्किटमध्ये तसाच राहतो. मग चोक वीज खात राहतो, ट्यूब लुकलुकते, लवकर जातेही. चोक आणि स्टार्टर काढून थेट वायरिंग करायला सांगा आणि काम चालू असताना एकाने समोर उभं राहा. सेन्सर फक्त पार्किंगमध्ये लावले. जिन्यात प्रत्येक मजल्यावर एक दिवा कायम चालू ठेवला. वयस्कर माणसाला अंधारात पायरी चुकणं परवडत नाही.

पंप 5 एचपीचा, तासाला साधारण साडेचार युनिट घेणारा, आणि रोज पाच तास चालायचा. गच्चीवरची टाकी भरायला लागणारा वेळ आणि टाकीचं माप यावरून प्रवाह काढला, तो पंपाच्या पाटीवरच्या आकड्यापेक्षा बराच कमी होता. कारण दोन. फूट व्हॉल्व्ह (सक्शन पाइपच्या तळाशी पाणी अडवून धरणारी झडप) गळत होता, त्यामुळे सक्शन पाइप रिकामा होऊन सुरुवातीचा वेळ कोरडाच जायचा. आणि डिलिव्हरीचा गेट व्हॉल्व्ह कुणीतरी अर्धा बंद ठेवला होता. दोन्ही दुरुस्त केल्यावर तेवढंच पाणी साडेतीन तासांत चढू लागलं. नवीन पंप घ्यायची वेळ आली तर बीईईचे, म्हणजे वीजबचतीचे, तारे बघा, पण आधी हे तपासा.

लिफ्टला हात लावला नाही. एवढ्यावर वापर 1,300 युनिटच्या आसपास आला.

मग सोलर. महाराष्ट्रात 1 किलोवॅटपासून दिवसाला सरासरी 4 युनिट धरतात, म्हणजे 10 किलोवॅटपासून महिन्याला 1,200. आम्ही तिथेच थांबलो. 2024च्या दुरुस्त नियमांनुसार 10 किलोवॅटपर्यंतचा परिपूर्ण अर्ज तांत्रिक तपासणीशिवाय मान्य धरला जातो, हा एक फायदा. दुसरं, नेट मीटरिंगमध्ये (ग्रिडला दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा होते) जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात, पण 31 मार्चला उरलेल्यांचे पैसे आपल्या बिलाच्या दरापेक्षा खूप कमी दराने मिळतात. एप्रिल-मेची जादा वीज जुलै-ऑगस्टच्या ढगाळ महिन्यांत वापरली जाते, तेवढं पुरे.

पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थेला सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. म्हणजे 10 किलोवॅटला 1,80,000. पॅनल आणि इन्व्हर्टर यांत ज्याची क्षमता कमी, त्यावर ते मोजतात, आणि पॅनल भारतीय सेलचेच लागतात. कोटेशनमध्ये त्यासाठीचा ‘डीसीआर’ (देशी बनावटीची अट) हा शब्द लिहून घ्या.

अर्जात सगळ्यात जास्त वेळ कागदांनी खाल्ला. वीजबिल अजून बिल्डरच्याच नावावर होतं! नाव बदलल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, कारण बिल, बँक खातं आणि संस्थेचं नाव जुळावं लागतं. त्यामुळे आधी सर्वसाधारण सभेचा ठराव, नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, रद्द केलेला चेक आणि महावितरणकडे नावबदल, मग योजनेच्या पोर्टलवर अर्ज. मंजूर भारही त्याच वेळी बघून घ्या.

गच्चीवर 10 किलोवॅटला साधारण 1,000 चौरस फूट सावलीविना जागा हवी. पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनलवर पडली तरी पूर्ण स्ट्रिंगचं (एकापाठोपाठ जोडलेल्या पॅनलच्या रांगेचं) उत्पादन घटतं, म्हणून डिसेंबरात दुपारी तीन-चारची सावली खडूने आखून घ्या. वॉटरप्रूफिंग आधी करा, नंतर स्ट्रक्चर हलवणं महागात पडतं. अर्थिंगचे तीन खड्डे वेगळे हवेत: पॅनलचा, एसी बाजूचा आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या तडितरोधकाचा. आमच्या कंत्राटदाराने दोनच खोदले होते, तिसरा झाल्यावरच शेवटचा हप्ता दिला.

सभेत एक गोष्ट स्पष्ट सांगा: लाईट गेली की साधा ग्रिडला जोडलेला सोलरही सुरक्षेसाठी बंद होतो, त्यामुळे लिफ्टचा जनरेटर ठेवावाच लागतो. महापालिकेकडे मालमत्ता करातल्या सवलतीचा अर्ज वेगळा करावा लागतो, ती आपोआप लागू होत नाही. पॅनल पंधरा दिवसांनी पहाटे, ऊन चढण्याआधी धुवा. बोअरच्या जड पाण्याने पांढरे डाग बसतात, त्यामुळे महापालिकेचं पाणी वापरा.