वर्ध्याच्या माणसाच्या मागावर चापिंगोला

मेक्सिको सिटीच्या टापो बसस्थानकावरून तेस्कोकोची बस धरली की चालकाला "चापिंगो" दोनदा सांगा, हे शेतीच्या शाळेचं ठिकाण वाटेत लागतं. मी एकदाच सांगितलं, तेही घाबरत, आणि थेट तेस्कोकोच्या बाजारात उतरले. नुकसान झालं नाही. निळ्या मक्याचे त्लाकोयो मिळाले, म्हणजे आत घेवडा भरलेली जाडसर भाकरीच. शाकाहारी मंडळींनी नुसतं "मांस नको" म्हणून भागत नाही, घेवडा बहुधा डुकराच्या चरबीत परततात. "सिन मान्तेका" (चरबीशिवाय) हे दोन शब्द पाठ करून जा.

चापिंगोत जायचं कारण डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. वर्ध्यात जन्म, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत. जायचं होतं क्रांतीसाठी, म्हणून कॅलिफोर्नियात लष्करी शाळेत शिकले, आणि ओरेगन, वॉशिंग्टनमध्ये शेतीच्या पदव्याही घेतल्या. अमेरिकेतल्या भारतीयांची इंग्रजांविरुद्धची गदर चळवळ उभी करण्यात वाटा, मग पहिल्या महायुद्धात इराणमध्ये इंग्रजांविरुद्ध लढाई, मग बर्लिन, मॉस्को. सगळीकडे दारं बंद होत गेली आणि 1924 मध्ये माणूस मेक्सिकोत पोचला. इथे त्या जुन्या शेतीच्या पदवीने हात दिला. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते शिकवू लागले, मक्याचे संकर करू लागले, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या.

मी पुण्याहून सॉफ्टवेअर टेस्टर म्हणून डॅलसला आले, नोकरी गेली, दोन वर्षं पाळणाघरात मुलं सांभाळली, आता शाळेत गणित शिकवते. घरचे अजून "मधलं वाया गेलं" म्हणतात. त्यामुळे या माणसाच्या बायोडाटाबद्दल मला जरा जास्तच जिव्हाळा आहे.

चापिंगो हे आधी जमीनदाराचं हसिएंदा, म्हणजे मोठी जहागीर होतं. मेक्सिकन क्रांतीनंतर तिथे शेतीची शाळा आली. मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेराने रंगवलेलं तिथलं प्रार्थनागृह (विचारताना "कापिया रिवेरियाना" म्हणा) बघायला तासभर तरी ठेवा, आणि मान वर करून बघायची तयारी ठेवा, छत सोडलेलं नाही. जिन्यापाशी लिहिलंय, इथे जमिनीचं शोषण शिकवतात, माणसाचं नव्हे. शाळेचं आता विद्यापीठ झालंय, खानखोज्यांचा पुतळा त्याच्या आवारात आहे, 2022 मध्ये लोकसभा अध्यक्ष ओम बिर्लांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. आवार अफाट आहे, फाटकावरच विचारा. पहारेकऱ्याला नाव कळेना, "इंदू, माईस" म्हटल्यावर मात्र त्याने लगेच हात दाखवला. हिंदू आणि मका, तेवढ्यावर भागलं. सुट्टीच्या दिवसांत जाऊ नका, आणि ओळखपत्र जवळ ठेवा.

दुसरा दिवस शहरासाठी. मध्यवर्ती जुन्या भागात शिक्षण मंत्रालयाची इमारत आहे, तिथे आता भित्तिचित्रांचं संग्रहालय आहे. रिव्हेराच्या 'आमची रोजची भाकरी' या चित्रात टेबलाच्या मध्यभागी बसून भाकरी वाटणारा माणूस म्हणजे खानखोजे, असं मानलं जातं. चित्र वरच्या मजल्यावर आहे. शहर 2,240 मीटरवर आहे, पहिल्याच दिवशी तावातावाने जिने चढलात तर धाप लागेल. सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद असतात. जून ते सप्टेंबर दुपारनंतर पाऊस ठरलेला, म्हणून चापिंगो सकाळीच उरका.

व्हिसाचं एक. अमेरिकेचा चालू व्हिसा पासपोर्टवर असेल तर भारतीयांना पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. एच-वन या नोकरीच्या व्हिसावाल्यांनी पासपोर्टवरच्या शिक्क्याची तारीख नीट बघावी, नुसता मंजुरीचा कागद पुरत नाही. माझ्या मैत्रिणीला याच कारणाने विमानतळावरून परत फिरावं लागलं.

खानखोजे 1950 च्या दशकात नागपूरला परतले, 1967 मध्ये तिथेच गेले. परतताना मी बाजारातून निळ्या मक्याचं कोरडं पीठ आणलं, कस्टमला सांगून. भाकरी थापताना तुटते, पोळपाटावर प्लॅस्टिक घ्या.