चौथ्या रात्रीचा पडदा

सांगलीत संस्थानच्या गणपतीचं विसर्जन पाचव्या दिवशी असतं, आणि ती मिरवणूक बघायला खेड्यापाड्यातले पाहुणे आदल्या दिवशीच येऊन उतरायचे, मग एवढ्या माणसांना रात्री करायचं काय, म्हणून आमच्या मंडळाचा सिनेमा कायम चौथ्या रात्री. तिसऱ्या रात्री भजन, दुसऱ्या रात्री पोरांचे वेशभूषा-बिशभूषा, त्याला फक्त ज्यांची पोरं असायची तेच थांबायचे. चौथ्या रात्रीला मात्र बोळात पाय ठेवायला जागा नाही.

जागा धरायची म्हणजे पोतं टाकायचं. आमची पेठ हळदीच्या अडतींना लागून, त्यामुळे रिकाम्या पोत्यांना तोटा नव्हता. दुपारी चारलाच आम्ही पोरं पोती ओढत आणायचो, कुणाच्या घरातली किती माणसं त्या हिशोबाने अंथरायचो, वर चप्पल ठेवायची म्हणजे ती जागा बुक. रात्री पोत्यावर तीन तास बसून उठलं की सगळ्यांच्या चड्ड्या मागनं पिवळ्याधमक. दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत कुणाचा मुलगा हरवला तर आमच्याच पेठेतला आहे हे मागनं बघून कळायचं, यात अतिशयोक्ती थोडीच आहे.

पडदा म्हणजे मांजरपाटाचे दोन पाट जोडून शिवलेला, मधोमध उभी शिवण, त्यामुळे प्रत्येक सिनेमात प्रत्येक हिरॉईनच्या चेहऱ्यावर कधी ना कधी ती शिवण यायचीच. एक टोक लाईटच्या खांबाला, दुसरं वाड्याच्या गच्चीला. कृष्णेवरनं वारं सुटलं की पडदा फुगायचा आणि रडणारी बाई एकदम गाल फुगवून रडायला लागायची. पडद्याच्या मागच्या बाजूला आमच्या घराचा ओटा होता, तिथं बायका बसायच्या, कारण पुढे गर्दीत कोण घुसणार. आईने आयुष्यातले निम्मे सिनेमे उलटे बघितलेत, सगळी माणसं डावखुरी आणि पाट्यांवरची अक्षरं आरशातली. तिला विचारलं तर म्हणायची, "रडणं दोन्ही बाजूनं सारखंच दिसतं."

पेठेत एक आजोबा होते, त्यांना हा प्रकार अजिबात मान्य नव्हता. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं ते याच गावात, जिवंत माणसं उभी करून, आणि तुम्ही कापडावर सावल्या काय बघताय, हे भाषण ते दरवर्षी वर्गणी देताना करायचे. वर्गणी द्यायचे पण, आणि चौथ्या रात्री पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसायचे पण.

'श्यामची आई' दोन-तीन वर्षांआड लागायचाच. अत्र्यांचा, 1953 चा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालेला, पण आम्हाला त्याचं काय, आम्हाला एवढंच माहिती की हा सिनेमा लागला की पुढचे दोन दिवस सगळी पोरं विनाकारण आईच्या पाया पडत फिरतात. तिसऱ्या दिवशी परत शिव्या. खरं सांगायचं तर लहानपणी मला त्या सिनेमाची थोडी भीतीच वाटायची, कारण तो बघून घरी गेलं की आई काही न बोलता नुसती बघायची आणि आपण आठवडाभरात काय काय केलंय ते सगळं आपोआप आठवायचं.

'पिंजरा' आणायचा की नाही यावरनं मात्र मिटिंगमध्ये भांडणं. तमाशाचा सिनेमा, बायकापोरं असतात, वगैरे. शेवटी कुणीतरी म्हणालं की अहो त्यातले गुरुजी झालेले श्रीराम लागू जन्मले साताऱ्याला, आपल्या शेजारचाच माणूस आहे, आणि का कोण जाणे या मुद्द्यावर तो पास झाला. त्यातली गाणी त्या वर्षी पेठभर वाजत होती, पण मला राहिलं ते वेगळंच. आमच्या शाळेतले एक मास्तर पुढे बसलेले. सिनेमात त्या गुरुजींना गाव मेलेलं समजतं, त्यांचा पुतळा उभारतं, आणि शेवटी तो माणूस स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली फासावर जातो, खरं काय ते न सांगता. दिवे लागले तेव्हा आमचे मास्तर कुणाशी काही बोलले नाहीत, सायकल हातात धरून चालत गेले. बसले नाहीत सायकलवर. आम्ही पोरं तिथं मागनं बघत उभी. कितीतरी वर्षांनी मी स्वतः नोकरीत एका ठिकाणी गप्प बसायचं की बोलायचं अशा पेचात सापडलो तेव्हा मला लागू नाही आठवले, ती हातात धरलेली सायकल आठवली.

पण ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो तो सिनेमा म्हणजे 'दो आँखें बारह हाथ'.

साल 1983. कपिलने वर्ल्डकप आणलेला, मी पाचवीत. शांतारामबापूंचा हा सिनेमा तसा 1957 चा, म्हणजे आमच्या वडलांच्या तरुणपणीचा, पण मंडळाला जुने सिनेमे स्वस्तात मिळायचे आणि शिवाय यात आमच्याकडचा एक धागा होता. हळदीच्या अडतीत हिशोबाला आटपाडीकडचे एक काका होते, त्यांनी पोस्टर लागल्यापासनं सगळ्या पेठेला सांगून ठेवलेलं, "हे आमच्यातलं हाय, आमच्यातलं." आणि ते खरंच होतं. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची खुली वसाहत आहे, भिंत नाही, कुंपण नाही, कैदी बायकापोरांसकट राहतात आणि शेती करतात. औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या काळात हा प्रयोग सुरू झाला, त्यामागे स्वामी भारतानंद म्हणून मूळचे पोलंडचे एक इंजिनिअर होते. गोष्ट लिहिली ती गदिमांनी, आणि गदिमा जन्मले शेटफळ्याला, आटपाडी तालुक्यातच. म्हणजे माणदेशाच्या माळावरचा हा प्रयोग, त्याचा झाला हिंदी सिनेमा, तो 1958 ला बर्लिनच्या फिल्म फेस्टिव्हलला जाऊन चांदीच्या अस्वलाचं बक्षीस घेऊन आला, आणि मग पंचवीस वर्षांनी आमच्या बोळात मांजरपाटावर. काका त्या रात्री स्वच्छ धोतर नेसून आलेले, लग्नाला आल्यासारखे.

तुम्हाला गोष्ट माहिती असेल. एक जेलर, खुनाची शिक्षा झालेले सहा कैदी, सहा माणसांचे बारा हात. त्यांना तो बेड्यांशिवाय ओसाड रानात घेऊन जातो आणि शेती करायला लावतो. पोलीस नाही, बंदूक नाही, पहाऱ्याला फक्त त्याचे दोन डोळे.

पहिली गंमत झाली ती प्रार्थनेला. 'ऐ मालिक तेरे बंदे हम' आमच्या शाळेत रोज सकाळची प्रार्थना होती, आणि ती या सिनेमातली आहे हे आम्हा पोरांना माहितीच नाही. लताबाईंचा आवाज सुरू झाला मात्र, पोत्यावरची सगळी पोरं सवयीने ताडकन उठून उभी, हात जोडून, डोळे मिटून! मागनं मोठी माणसं ओरडतायत, "अरे बसा, दिसंना झालंय," पण मिटलेले डोळे उघडायची कुणाची हिंमत नाही, प्रार्थनेत डोळे उघडले की छडी. पूर्ण गाणं आम्ही डोळे मिटून म्हटलं. पडद्यावर काय चाललं होतं ते मी पहिल्यांदा बघितलं कॉलेजात गेल्यावर.

मशिन सोळा एमएमचं, एकच. सिनेमा चार रिळांचा, प्रत्येक रीळ पाऊण तासाच्या आत संपायचं, की बल्ब लागायचा, भडंगवाला फिरायचा, माईकवरनं हरवलेल्या पोरांची नावं, मशिनवाले नवीन रीळ ओवायचे. त्या रात्री दुसऱ्या रिळानंतर पावसाची एक सर आली, धावपळ झाली, मशिनवर ताडपत्री टाकली, डबे उचलून कुणाच्या तरी जिन्यात नेले. सर गेली, डबे परत आले, सिनेमा सुरू झाला.

आणि गोष्ट एकदम पुढे पळाली. मधलं काहीतरी कळलं नाही, पण कळायची गरज कुणाला होती, पडद्यावर पिसाळलेला बैल आणि त्याच्याशी एकटा झुंजणारा जेलर. या झुंजीच्या शूटिंगला स्वतः जेलर झालेल्या शांतारामबापूंच्या डोळ्याला खरोखरची इजा झाली होती हे नंतर वाचलं, पण खोटं वाटत नव्हतंच ते. जेलर मेला. ती सहा दांडगी माणसं लहान पोरांसारखी रडत होती, आणि आमच्या बोळात गूळ-हळदीची पोती पाठीवर वाहणारे हमाल, ज्यांना आम्ही टरकून असायचो, ते उपरण्यात तोंड घालून. वर आभाळात ते दोन डोळे. समाप्त. बल्ब लागला, माणसं नाकं ओढत पोती गोळा करायला लागली.

तेवढ्यात मशिनवाले ओरडले, "ओ थांबा थांबा, एक रीळ ऱ्हायलं!"

पावसाच्या गडबडीत तिसऱ्याच्या जागी चौथं लागलं होतं. आता काय करायचं यावर दोन मिनिटं चर्चा, मग अध्यक्ष म्हणाले की भाडं चार रिळांचं भरलंय, लावा. माणसं परत बसली. बल्ब विझला आणि पडद्यावर जेलर. जिवंत! कैद्यांच्यात उभा, शेतात राबतोय, रागावतोय, सगळं पहिल्यासारखं.

आम्ही पोरांनी ज्या शिट्ट्या मारल्या त्या आयुष्यात परत कुठल्या एन्ट्रीला मारल्या नसतील. चुकून रीळ बदललंय हे मोठ्यांना कळत होतं, नाही असं नाही, पण सांगायला कुणी उठलं नाही. पलीकडच्या एक आजी डोळे पुसत मोठ्यांदा म्हणाल्या, "गेला न्हवता ग बाई, उगंच रडवलं मेल्यांनी." आणि ते तिसरं रीळ संपलं तेव्हा कुठल्यातरी वाक्याच्या मधेच संपलं, पांढरा पडदा, मधली शिवण, आणि रिळाची शेपटी फटफट वाजत होती. बस्स. आमच्या पेठेपुरता तो जेलर मेलाच नाही.

पुढे कॉलेजात असताना टीव्हीवर हा सिनेमा ओळीत बघितला. बैलानंतर समाप्त आलं आणि मी तसाच बसलो, खरंच वाईट वाटलं, कुणीतरी फसवल्यासारखं. जाणकार लोक या सिनेमाबद्दल गांधीविचार, फोटोग्राफी, असं बरंच बोलतात, बरोबरच असेल, पण माझ्या डोक्यात त्याचा क्रम एक-दोन-चार-तीन असाच बसलाय आणि तो काही हलत नाही.

नंतर व्हिडिओ आला, मग सीडी, मग चौथ्या रात्रीला ऑर्केस्ट्रा. पडदा मंडळाच्या खोलीत ट्रंकेत पडून होता. 2019 च्या पुरात आयर्विन पुलाखाली पाणी 57 फुटांच्या वर गेलं आणि पेठेत माणसं होडीतनं काढली, त्यात ट्रंक बुडाली. पाणी ओसरल्यावर आम्ही पोरांनी, म्हणजे आता पन्नाशीला टेकलेल्या पोरांनी, तो धुतला, तीनदा धुतला, पण गाळाचा रंग काही गेला नाही. टाकूनही दिला नाही कुणी.

गेल्या गणपतीत चौथ्या रात्री मिरवणुकीचे पाहुणे नव्हते, ऑर्केस्ट्राही नव्हता, घरात मी आणि आई. म्हटलं चल, तुला सरळ बाजूनं दाखवतो, आणि टीव्हीवर यूट्यूब लावून 'दो आँखें' लावला. प्रार्थनेला ती पुटपुटली. बैलाला पदर तोंडाशी. समाप्त आलं, मी रिमोट घेऊन उठलो, तर ती तशीच पडद्याकडे बघत बसलेली.

"आई, संपला."

"बघ की जरा, अजून एक रीळ असंल डब्यात."