शनीचा उलट फिरणारा चंद्र

आज संध्याकाळी चाळीसगावजवळच्या पाटणच्या वाटेवर, कापसाची वेचणी झालेल्या शेताच्या बांधावर दुर्बीण लावून शनी पाहिला. कडे स्पष्ट दिसले, पण मन गुंतले ते आमच्या दुर्बिणीच्या आवाक्याबाहेरच्या फिबी या चंद्रात. जेमतेम २१३ किलोमीटर व्यासाचा हा चंद्र शनीपासून सुमारे १ कोटी ३० लाख किलोमीटरवरून, शनीच्या बहुतेक मोठ्या चंद्रांच्या उलट दिशेने फिरतो आणि एका फेरीला सुमारे ५५० दिवस घेतो. हाच उलटा का, असे शेतमालक आबांनी विचारले. तो शनीसोबत जन्मलेला नसून दूरच्या बर्फाळ प्रदेशातून येताना त्याच्या गुरुत्वाकर्षणात अडकला असावा, असे शास्त्रज्ञ मानतात.

खगोलशास्त्रज्ञ विल्यम पिकरिंग यांनी १८९९ मध्ये, पेरूमधील अरेक्विपा येथे आदल्या वर्षी घेतलेल्या छायाचित्रांच्या काचांवर तो शोधला. ज्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे, तिथे हे सांगताना मला फार अभिमान वाटला.

११ जून २००४ रोजी कॅसिनी यान फिबीपासून सुमारे २,००० किलोमीटरवरून गेले, तेव्हा विवरांच्या उतारांवर काळ्या थराखालचे उजळ बर्फ दिसले. उल्कांच्या माऱ्याने उडालेल्या फिबीच्या धुळीचे शनीभोवतीचे विरळ, अतिविशाल कडे २००९ मध्ये सापडले आणि शनीच्याच आयापेटस या चंद्राची एक बाजू काळी का, या जुन्या प्रश्नाचा धागाही त्याच धुळीत मिळाला.