तुम्ही विचारलंत म्हणून: चोकला 43 घेऊ की 61?

आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सी) अँप्लिफायर बांधायला घेतलेला जो तो मला हेच विचारतो: चोक, म्हणजे डीसी जाऊ देणारी पण आरएफ अडवणारी कॉइल, 43 नंबरच्या फेराइट कोरवर गुंडाळू की 61 च्या? आणि मी उलट विचारतो, "चोकमधून डीसी किती जाणार?" मग समोरचा नाराज होतो. "हे सरळ आकडा सांगतच नाहीत," असं माझ्या माघारी बोललेलंही कानावर येतं. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

मॉसफेट ट्रान्झिस्टरच्या गेटला बायस (स्थिर व्होल्टेज) देणाऱ्या लाइनवर किंवा कमी करंटच्या सप्लाय लाइनवर चोक हवा असेल तर डोळे मिटून 43 घ्या. निकेल-झिंकचा हा फेराइट, पर्मिएबिलिटी (कोर चुंबकीय क्षेत्र किती पट वाढवतो तो आकडा) 800 च्या आसपास, आणि एचएफवर (3 ते 30 मेगाहर्ट्झ) लॉस भरपूर, म्हणजे आरएफची उष्णता होऊन जाते. तो लॉस तिथे हवाच असतो. नको ती ऑसिलेशन्स त्यात जिरतात. इथवर माझा कुणाशी वाद नाही.

वाद आहे ड्रेनच्या, म्हणजे मॉसफेटचा मुख्य करंट जिथून जातो त्या टोकाच्या, चोकचा. कॉलेजात शिकणारा एक मुलगा त्याचा 7 मेगाहर्ट्झचा अँप्लिफायर घेऊन आला होता. 12 व्होल्ट, एकच आयआरएफ 510 मॉसफेट, ड्रेनला एफटी37-43 वर (कडीसारखा कोर; 37 हा आकार, 43 हे मटेरियल) 10 वेढे. कमी ड्राइव्हला वेव्हफॉर्म सुरेख. ड्राइव्ह वाढवला की पॉवर अडायची आणि मॉसफेट भाजायचा. एकामागून एक मॉसफेट गेले होते. दुकानदारानं नकली माल दिला अशी त्याची खात्री झाली होती, आणि घरून पैसे मिळणं बंद झालं होतं. चोक त्यानं मीटरवर तपासला होता: 35 मायक्रोहेन्री, अगदी हिशेबाबरहुकूम. पण मीटर मोजतो तेव्हा चोकमधून डीसी जात नाही. आम्ही तो चोक कपॅसिटरमधून नॅनोव्हीएनएला (इम्पिडन्स, म्हणजे आरएफला होणारा अडथळा, मोजणाऱ्या छोट्या यंत्राला) जोडला आणि बेंच सप्लायवरून, मध्ये दुसरा मोठा चोक घालून, त्यात डीसी सोडला. नॉब 1 अँपिअरकडे नेला तशी इम्पिडन्सची रेषा खाली बसत गेली. मागे घेतला की पुन्हा वर. मुलगा बराच वेळ नॉब पुढेमागे करत राहिला.

10 वेढे, 1 अँपिअर, आणि त्या कोरचा चुंबकीय मार्ग जेमतेम 2.15 सेंटिमीटर. तेवढ्यात 43 सॅच्युरेशनच्या (कोर चुंबकत्वानं भरून जाण्याच्या) वाटेला लागतो. शिवाय 12 व्होल्टवर 5 वॉट काढायचे तर ड्रेनला लोड लागतो साधारण 15 ओहम. चोक त्याच्या दहापट धरला तरी 7 मेगाहर्ट्झला साडेतीन मायक्रोहेन्री पुरतात. मग 35 कशाला? एफटी50-43 वर 4 वेढे घातले: 7 मायक्रोहेन्री, आणि कोरवरचं डीसी क्षेत्र साडेतीन पट कमी. मटेरियल तेच ठेवलं होतं.

पूर्वी मीच सांगायचो की करंट आला की 61 घ्या; पर्मिएबिलिटी 125, म्हणून डीसी जास्त सोसतो. ते खोटं नव्हतं, आजही नाही. पण 61 चा क्यू चांगला, म्हणजे लॉस कमी, आणि चोकमध्ये तोच नडू शकतो: भलत्याच फ्रिक्वेन्सीला स्टेज ऑसिलेट होते. उलट 28 मेगाहर्ट्झवर पॉवर वाढली आणि 43 तापू लागला की माझा हात पुन्हा 61 कडेच जातो. पुश-पुलमध्ये (दोन मॉसफेट आळीपाळीनं काम करतात तिथे) बायफायलर, म्हणजे दोन तारा जोडीनं गुंडाळून, वेढे घालून डीसी एकमेकांविरुद्ध वाहू दिला तर सॅच्युरेशनचा प्रश्न बराचसा सुटतो. तापण्याचा मात्र सुटत नाही.

तेव्हा विचारताना बँड, व्होल्टेज आणि ड्रेन करंट आधी सांगा. बाजारातून आणलेल्या बिनखुणेच्या काळ्या कोरला 43 म्हणण्याआधी, लेप नसलेल्या जागी मल्टीमीटरच्या पिना टेकवून पाहा. किलोओहम दाखवले तर तो मँगनीज-झिंक आहे, आणि त्याचा हिशेब सगळाच वेगळा.