वजनं उचलण्याआधी अडलेलं एक पत्र

मला बीपी आहे, म्हणून जुळे सोलापुरातल्या जिमने डॉक्टरांचं पत्र मागितलं: 'वजनाच्या व्यायामाला हरकत नाही.' मागणी रास्तच होती. बीपी १८०/११०च्या वर असेल तर वजनाला हात लावूच नये, आधी औषधाने खाली आणावं. माझं गोळीवर घरी १३२/८२ होतं, तरी पत्राला पाच आठवडे लागले. अडलं ते फक्त दवाखान्यातल्या मोजणीपाशी.

दोन जिने चढून गेलं की लगेच स्टुलावर बसवायचं, बाहीवरूनच पट्टा गुंडाळायचा, हात खाली लोंबता, आणि मोजता मोजता सिस्टरांचा प्रश्न, "काका, गोळी चुकली का?" आकडा १६२/९६. "पुढच्या आठवड्यात या." असं तीनदा झालं. त्याचा राग अजून गेलेला नाही, कारण यातली प्रत्येक चूक आकडा फुगवते. हात हृदयाच्या पातळीखाली असला, पाठीला टेकू नसला, बोलणं चालू असलं, लघवी तुंबली असली तरी बीपी वर दिसतं. पट्टा लहान पडला तरी तेच. माझ्या दंडाचा घेर ३५ सेंमी आणि त्यांचा पट्टा २२ ते ३२ सेंमीचा!

शेवटी वही घातली. सात दिवस, सकाळी गोळी आणि चहाच्या आधी, संध्याकाळी जेवणाआधी. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीवर, दंड उघडा, हात टेबलावर. एका मिनिटाच्या अंतराने दोन नोंदी. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी. घरच्या मोजणीत १३५/८५च्या खाली हवं. वही बघून डॉक्टरांनी तिथल्या तिथे सही केली.

आता व्यायाम. खरा धोका श्वास कोंडण्यात आहे. १९८५ साली धडधाकट, कसलेल्या तरुणांच्या धमनीत सुई घालून मोजलं, तेव्हा दोन्ही पायांच्या जड लेग प्रेसला (पायांनी वजन ढकलण्याच्या व्यायामाला) सरासरी ३२०/२५० भरलं होतं. म्हणून उचलताना श्वास सोडा, खाली आणताना घ्या. मोठ्याने आकडे मोजा, म्हणजे श्वास कोंडताच येत नाही. १२ ते १५ वेळा उचलता येईल एवढंच वजन, दोन सेट, आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये एक दिवस सुटी. हात थरथरायच्या आधी थांबा.

२०२३च्या २७० चाचण्यांच्या आढाव्यात वजनाच्या व्यायामाने बीपी सरासरी ४.५/३ने उतरलं, भिंतीला टेकून बसण्यासारख्या स्थिर व्यायामाने ८/४ने. भिंतीचा व्यायाम असा: दोन मिनिटं बसा, दोन मिनिटं विश्रांती, चार वेळा, आठवड्यात तीन दिवस. तिथेही श्वास चालू हवा. पण म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

हो, गोळीवरून आठवलं. बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारी बीपीची गोळी) चालू असेल तर नाडी फारशी वाढत नाही, तिच्यावरून जोर ठरवू नका. लघवी वाढवणारी गोळी असेल तर उन्हात अंगातलं पाणी लवकर कमी होतं, म्हणून आपल्या मे महिन्यात पहाटेच जा. व्यायामानंतर बीपी काही तास खाली राहतं, म्हणून बाकावरून झटकन उठू नका, पाच-दहा मिनिटं सावकाश चाला. आणि बीपीचं यंत्र घेण्याआधी टेपने दंड मोजा.