केस का कापले?

“मग काय कार्लला मरू द्यायचं होतं?” धाकटा भाऊ एवढ्या जोरात ओरडला की मी रिमोट खाली ठेवला.

‘द वॉकिंग डेड’ ही झोंबींची मालिका, दुसरा सीझन, २०११चा. शेन ओटिसच्या पायात गोळी घालतो, त्याला झोंबींच्या तावडीत सोडतो आणि गोळी लागलेल्या लहानग्या कार्लच्या ऑपरेशनचं सामान घेऊन निसटतो. भावाचा हिशोब सरळ होता: नाहीतर दोघंही मेले असते, पोरगंही गेलं असतं. मी म्हणाले, अरे, पण ओटिस स्वतःहून सोबत आला होता ना! (कार्लला गोळी ओटिसच्याच बंदुकीतून चुकून लागली होती, हे त्याने लगेच ऐकवलं. वकील व्हायला हवा होता.)

तेवढ्यात आई बोलली. एरवी ‘शी, काय ते बघता’ म्हणून उठून जाणारी आई.

“एवढं बरोबर केलं होतं, तर केस का कापले त्याने?”

आम्ही दोघं गप्प.

झटापटीत ओटिसने उपटलेल्या केसांची जागा. शेन आरशात ती बघतो आणि अख्खं डोकंच भादरून टाकतो.

झोंबी कधीच विसरले मी. ते केस कापायचं मशीन मात्र अजून कानात घरघरतंय.

तुम्ही कुणाच्या बाजूने?